सूर धरणाऱ्याची झोप

सनईच्या जोडीत एक जण वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरून बसतो. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना हा दुसरा माणूस दिसतच नाही. दिसलाच तर त्यांना वाटतं, बिचाऱ्याला अजून वाजवता येत नसावं. तो दुसरा माणूस मी, रंगनाथ. वाजवतो तो माझा थोरला चुलतभाऊ बापू.

सूर धरणं म्हणजे एकच स्वर तास-तासभर तुटू न देणं. गालात हवा साठवायची, गालांनी ती नळीत ढकलायची आणि ढकलता ढकलताच नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. बाहेर ऐकणाऱ्याला कळता कामा नये की या माणसाला श्वास घ्यावा लागतो. वडिलांनी मला हे पपईच्या देठानं शिकवलं. पाण्याच्या तांब्यात पोकळ देठ घालून फुंकत बसायचं, आणि बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. चौथीच्या परीक्षेपर्यंत माझे बुडबुडे थांबायचे बंद झाले आणि धपाटेही.

हे एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचं, ऑपरेशन करून घ्यावं की नाही, या विचारात बसलेल्या कुणासाठी तरी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. चुका मात्र भरपूर केल्या आहेत, आणि त्या फुकट द्यायला माझी काही हरकत नाही.

बारव

आमचं गाव तिसगावपासून जवळच. महादेवाचं देऊळ, पुढे जुनी बारव, तिच्या पायऱ्या उतरत जाऊन हिरव्या पाण्यात संपतात. देवळातली सनई आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जोडीला दोन एकर रान.

गेली काही वर्षं मला एकच स्वप्न पडायचं. मी बारवेच्या तळाशी बसलेलो आहे. वरून उजेड झिरपतोय, तोही हिरवा. हातात सनई आहे आणि पाण्यातही माझा सूर चालू आहे. अंगाला गारवा, मनाला गुंगी, वर यायची काही घाई नाही. मग कुणीतरी खांदा हलवायचं आणि मी धापा टाकत वर यायचो. खरं सांगायचं तर मला ते स्वप्न आवडायचं. वर काढणाऱ्याचाच राग यायचा.

वर काढणारी माझी बायको, सुमन. माझं घोरणं ऐकत ती निजायची. घोरणं मधेच बंद पडलं की ती जागी व्हायची, माझ्या खांद्यावर हात ठेवून हलवायची, श्वास सुरू झाला की पुन्हा डोळे मिटायची. लोकांच्या बायका नवरा घोरतो म्हणून जागतात, माझी बायको मी घोरायचा थांबलो म्हणून जागायची. हे किती वर्षं चाललं, तिनंही मोजलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दिवसा मग मी झोपेतच असायचो. रानात बांधावर टेकलो की डुलकी. जेवताना हातात घास तसाच. ऊन, माणसं, बोलणी, सगळं लांबून आल्यासारखं वाटायचं, आणि मला ते वयाचं लक्षण वाटायचं. बापू चिडवायचा, "रंग्या, तुझ्या पत्रिकेत कुंभकर्ण हाय." मीही हसायचो.

मे महिन्यात तिसगावच्या एका मंगल कार्यालयात भरदुपारी लग्न होतं. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती बसल्या होत्या, आम्ही स्टेजशेजारी वाजवत होतो. मला हिरवा उजेड दिसायला लागला. मग बापूच्या कोपराचा दणका बसला. डोळे उघडले तर सनई माझ्या मांडीवर पडलेली आणि पंगतीतली माणसं माना वळवून बघतायत. बापूच्या खालचा सूरच निघून गेला होता आणि तो अर्ध्या तानेत एकटा पडला होता.

आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. परतताना बापू एवढंच म्हणाला, "दवाखान्यात जा."

कागदावरच्या रेघा

नगरला एका हॉस्पिटलात अंगभर वायरी लावून माझी झोप तपासली. दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लांबलचक कागद पुढ्यात पसरला. त्यावर माझ्या श्वासाच्या रेघा होत्या. डोंगर, डोंगर, मग सपाट. बराच वेळ सपाट. मग पुन्हा डोंगर.

"काका, हे सपाट दिसतंय ना, तिथं तुम्ही श्वास घेत नव्हता," डॉक्टर म्हणाले. "घसा मिटतो. रक्तातला ऑक्सिजन खाली जातो. मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो. रात्रभर हेच चालू आहे. हृदयावर ताण येतो याचा, बीपी तर वाढलंच आहे तुमचं."

मी त्या सपाट रेघांकडे बघत राहिलो. माझं सगळं आयुष्य श्वास तुटू न देण्यात गेलं, आणि तोच श्वास मी रोज रात्री असा टाकून देत होतो. मला भीतीच्या आधी लाज वाटली. सुमन मात्र त्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हितं मी हात ठिवते बगा." डॉक्टरांनी कागदावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

पहिला उपाय मशीनचा. नाकावर मास्क बांधायचा आणि मशीन रात्रभर हवा आत ढकलतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सगळ्यात सुरक्षित रस्ता हाच, ज्याला तो मानवतो त्यानं ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नये. मीही तेच सांगेन. मला मात्र तो मानवला नाही. जन्मभर मी नळीत फुंकलं, आता नळी माझ्यात फुंकणार, हे माझ्या डोक्यात काही बसेना. झोपेत मी मास्क ओरबाडून टाकायचो. लाईट गेली की मशीन बंद, आणि आमच्याकडे लाईट पाहुण्यासारखी येते. तीन-तीनदा मास्क बदलून पाहिले. दोन महिन्यांनी सुमननं मशीन जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. मग दिवाळीनंतर ऑपरेशनचा विषय निघाला.

शेती

बापूला हे कळलं तेव्हा तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. "गळ्याला सुरी लावून घेतूस व्हय? आरं, त्या गळ्यावर देवाचा सूर हाय."

मी काही बोलायच्या आत सुमन आतून बाहेर आली. ती कधी बापूपुढे मान वर करून बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली. "भावजी, तुमाला त्यांचा सूर पायजे. मला मानूस पायजे."

बापू उठला, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. देवळात तो मोबाईलवर तंबोऱ्याचा आवाज लावून एकटाच वाजवायला लागला. मला ते घरात ऐकू यायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता माझी चूक सांगतो. हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, "व्यवसाय?" मी आणि सुमन एकदमच म्हणालो, "शेती." आमच्याकडे कुठल्याही फॉर्मवर हेच सांगतात. शिंपी असो, गवंडी असो, दोन गुंठे असले तरी शेती. आमच्या बापजाद्यांनी कधी कुठल्या कागदावर सनई लिहिली नाही. सनईला लोक वाजंत्री म्हणतात, आणि वाजंत्र्याची पंगत शेवटी बसते, हे लहानपणापासून पाहिलेलं. इथवर नुसती सवय होती.

पुढे डॉक्टरांनी धोके समजावून सांगितले, तेव्हा मी जे केलं ती सवय नव्हती. ते म्हणाले, रक्तस्राव होऊ शकतो, पहिल्या दिवशी किंवा आठवड्यानं खपली सुटताना. घशाला सूज येऊन श्वास अडू शकतो. आजारच श्वासाचा असल्यामुळे भूल तुम्हाला इतरांपेक्षा जोखमीची, म्हणून एक दिवस आयसीयूत ठेवू आणि गुंगी आणणारी औषधं बेतानं देऊ. पाणी पिताना नाकातून येऊ शकतं, बहुतेकांचं थांबतं, काहींचं राहतं. आवाज बदलू शकतो. आणि एवढं करूनही घोरणं आणि श्वास थांबणं पूर्ण जाईल याची हमी नाही.

मग त्यांनी विचारलं, "आवाजावर पोट आहे का तुमचं? गाता वगैरे? भजन?"

"न्हाई," मी म्हणालो.

खोटं नव्हतंच ते. मी गात नाही. सुमननं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. सनईचं नाव काढलं तर डॉक्टर म्हणतील सोडा, किंवा म्हणतील ऑपरेशन नको. दोन्ही ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. वकिलापुढे आणि डॉक्टरपुढे लपवू नये म्हणतात, मी अर्धंच लपवलं आणि स्वतःला शहाणा समजलो.

तीन गोळ्या

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला दाखल केलं. दुपारी वॉर्डात फुप्फुसाचे व्यायाम घेणारी पोरगी आली आणि तिनं मला प्लॅस्टिकचं एक खेळणं दिलं. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी, बाजूला नळी. "आधी ओढा काका, गोळ्या वर गेल्या पाहिजेत. मग उलटं धरून फुंका."

ओढताना तिन्ही गोळ्या वर गेल्या. मग मी ते उलटं धरून नळी ओठात घेतली. नळी ओठात आल्यावर काय करायचं हे मला कुणी सांगावं लागत नाही. मी डोळे मिटले. कितीतरी आठवड्यांनी ओठांत काहीतरी होतं. वॉर्डातला फिनेलचा वास हळूहळू गेला आणि देवळातल्या धुपाचा आला. दुपारच्या उन्हात सभामंडपाचा दगड थंड असतो, तो मांडीखाली जाणवला. बापू शेजारी बसून सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत भिजवत होता. मी फुंकत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा पायाशी भूल देणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. त्या मला तपासायला आल्या होत्या. त्यांची नजर एकदा घड्याळावर आणि एकदा माझ्या हातातल्या खेळण्यावर. तीनातल्या दोन गोळ्या खाली आल्या होत्या. तिसरी वरच होती आणि हलत नव्हती. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला होता.

"काका, पुरे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय काम करता?"

"शेती."

"शेतीवाल्याला हे येत नाही. खरं सांगा."

सुमननं सांगितलं. "सनईवर सूर धरत्यात ते, मॅडम. देवळात. बापापासून."

मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले ते तडक माझ्या खाटेशी. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला होता. "मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुमी गान्याचं इचारलं," मी म्हणालो. म्हणताना मलाच ते पोरकट वाटलं.

ते खुर्ची ओढून बसले. केसपेपरच्या मागे त्यांनी पेननं नाक, तोंड आणि घसा काढला. "ही मऊ टाळू आणि तिच्या टोकाला पडजीभ. तोंड आणि नाक यांच्यामधलं हे दार आहे. तुम्ही फुंकता तेव्हा ते लागतं, म्हणून सगळी हवा नळीत जाते. उद्या सकाळी मी हे दार कापून आखूड करणार होतो. आखूड झाल्यावर ते नीट लागलं नसतं तर हवा नाकातून निसटली असती. जेवायला-बोलायला माणसाला जमतं त्यात. तुम्हाला सनई फुंकता आली नसती. कदाचित कधीच."

मी ते तीन गोळ्यांचं खेळणं उशीखाली सारलं.

"आता तीन गोष्टी," ते म्हणाले. "घरी जा आणि मशीन पुन्हा लावून बघा. किंवा ठरलं तेच करू. किंवा टाळू न कापता फक्त टॉन्सिल काढून, बाजूचे स्नायू ताणून टाके घालू. सूर वाचण्याची शक्यता त्यात जास्त, पण झोप किती सुधारेल ते आज सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत सांगा मला."

लिंबाखाली

हॉस्पिटलच्या आवारात लिंबाचं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा बाक. आम्ही दोघं तिथं जाऊन बसलो. पिवळी पानं एकेक करून खाली येत होती. मला वाटलं सुमन म्हणेल, ठरलं तेच करा, मला माणूस पाहिजे. ती ओट्यावर तसं म्हणाली होतीच.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "घरी जाऊ म्हनलात तर घरी जाऊ. मी ठिवीन हात. आत्तापर्यंत ठिवलाच ना."

तिनं ते इतकं साधं म्हटलं की मला आधी कळलंच नाही. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं. कपाटावरचा डबा काढायला तिला उजवा हात वर जात नाही, खांदा धरलाय म्हणते, आणि मी तिला तेल लाव म्हणतो. मी बारवेच्या तळाशी आरामात सूर धरून बसायचो, आणि त्या सगळ्या रात्री ही काठावर बसून होती. मला एकदम रडू आलं. भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बाप्या माणूस मी हुंदके देऊन रडलो. ती म्हणाली, "आवं, काय हे, लोक बगत्यात." पण तिनं मला थांबवलं नाही.

मी डॉक्टरांना तिसरं सांगितलं. सुराचं जे होईल ते होईल, पण आता घरी मशीनकडे परत नाही आणि तिच्या हाताकडेही परत नाही.

काचेपलीकडे

भूल चढताना मॅडमनी आकडे म्हणायला सांगितले. मला वाटतं मी चारपर्यंत गेलो. मग बारव, पण या वेळी पाणी स्वच्छ होतं आणि खालपर्यंत पायऱ्या दिसत होत्या.

आयसीयूत मला पाठीला उशा लावून बसतं ठेवलं होतं. घशात निखारा. झोपेचं औषध नाही, दुखण्याचं जोरकस औषध नाही, कारण गुंगीत श्वास थांबण्याची भीती. डोळा लागला की मशीन टूं टूं करायचं आणि केरळची एक सिस्टर तिच्या मराठीत म्हणायची, "काका, श्वास घे." मी घ्यायचो. ती मला अरे-तुरे करत होती ते मला फार गोड वाटलं. तिनं चमच्यानं भरवलेला बर्फाचा चुरा हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जेवण.

काचेपलीकडच्या बाकावर सुमन होती. संध्याकाळी भेटायला आत आली तेव्हा तिच्या गालावर बाकाच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. भिंगारला राहणारी तिची बहीण सांगत होती, "दाजी, दुपारपास्नं झोपलीय. हलवली तरी उठंना." माझ्या श्वासावर राखण करायला मशीन होतं, सिस्टर होती. सुमनची पाळी त्या दिवशी संपली होती.

प्रसाद

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, दहा-बारा दिवस नगरजवळच राहा. मेव्हणीचं घर भिंगारला, तिचा नवरा लष्कराच्या कचेरीत कारकून, त्यांच्या क्वार्टरमध्ये आमची सोय होती. गार दूध, मऊ भात, रवाळ खीर. सकाळी परेडच्या बिगुलाचा आवाज यायचा आणि मी अर्धवट झोपेत त्या बिगुलवाल्याच्या दमाचा हिशेब करायचो.

आठव्या दिवशी महाशिवरात्र होती. मी हट्ट धरला. वाजवणार नाही, नुसता जाऊन बसतो, देवाला तोंड दाखवतो. सुमननं नको नको म्हटलं आणि शेवटी आली. तिनं माझ्यासाठी गार भगर डब्यात घेतली होती, कारण उपवासाला भात चालत नाही आणि मी उपवास मोडणार नाही हे तिला ठाऊक होतं.

सभामंडपात बापू वाजवत होता, शेजारी मोबाईल. मी खांबाला टेकून बसलो. वाजवणं झाल्यावर बापू उठला, द्रोण घेऊन सरळ माझ्याकडे आला. इतक्या दिवसांनी. द्रोणात साबुदाण्याची खिचडी होती, तुपातली, वाफ निघणारी, वर दाण्याचं जाडंभरडं कूट. "घे," तो म्हणाला. एवढंच.

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. त्यातून बापूनं दिलेल्या प्रसादाला. सुमन बायकांच्या बाजूला होती. मी खाल्ला. दोन घास गेले, तिसऱ्याला घशात काहीतरी खरवडलं. मी तोंड पुसलं तर उपरण्यावर लाल.

करंजीचा घाट

रक्त थांबेना. शेजाऱ्याची जीप काढली. पुढे सुमन, मागे मी आणि बापू. बापूनं माझ्या हनुवटीखाली देवळातलं पितळी घंगाळ धरलं होतं. मी थुंकत होतो आणि तोंड पुन्हा भरत होतं. करंजीच्या घाटात वळणावर गाडी कलली आणि रक्त मागे गेलं, मला ठसका लागला. श्वास आत येईना. कडेचे डोंगर हिरवे व्हायला लागले. तोच हिरवा उजेड. मला वाटलं, चला, आलं ठिकाण.

बापूनं माझी मान धरून पुढे वाकवली. "रंग्या! तोंडानं घिऊ नगस! तोंडात हाय ते हितं थुक, श्वास नाकानं घे. नाकानं! सूर धरल्यावानी धर. गालात ठिव, नाकानं घे."

आणि तो माझ्या कानाशी गुणगुणायला लागला. रोज पहाटे देवळात आम्ही जे वाजवतो तेच. माझ्या शरीराला ते ओळखीचं होतं. तोंडात काही असो, नाकानं घ्यायचं; पपईच्या देठापासून तेच तर शिकलो होतो. मी वाकून थुंकत राहिलो आणि नाकानं घेत राहिलो. त्याच्या गाण्याखाली मी नुसता श्वास धरून ठेवला. घाट संपून मेहेकरी गेलं, भिंगार गेलं. बापूचा आवाज बसला पण तो थांबला नाही.

हॉस्पिटलात पुन्हा भूल, पुन्हा टाके. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुढे वाकून नाकानं श्वास घेत आलात म्हणून बरं झालं. आडवे पडून आला असता तर वाईट होतं." मग खिचडीचं कळल्यावर जे बोलले ते इथं लिहीत नाही. बापू दाराशी रिकामं घंगाळ घेऊन उभा होता. "माझ्या हातानं..." म्हणाला आणि घंगाळाकडे बघत राहिला. मला बोलायची बंदी होती. मी त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पुढचे महिने

घरी आल्यावर पाणी प्यायलो की नाकातून यायचं. चहासुद्धा. नातलग समोर असले की मी पिणंच टाळायचो. फुंकायला तीन महिने सक्त मनाई. रोज सकाळी मी पाण्याचा घोट घ्यायचो आणि नाकाखाली तळहात धरायचो. ओला झाला की दिवसभर कुणाशी बोलायचो नाही. या काळात मी घरच्यांना फार छळलं हे कबूल करतो. मग एका सकाळी तळहात कोरडा राहिला. मी सुमनला दाखवायला धावत गेलो, तर ती उशिरापर्यंत झोपलेली. तिला उठवलं नाही.

झोपेची तपासणी पुन्हा केली. सपाट रेघा पुष्कळ कमी झाल्या आहेत, पूर्ण गेल्या नाहीत. आता एका कुशीवर निजतो, वजन उतरवलंय. घोरतो थोडा. स्वप्न पडत नाही, आणि कधी कधी मला त्याची आठवण येते.

श्रावणातल्या सोमवारी मी पुन्हा सनई हातात घेतली. सूर लागला. वडील ऐकत असल्यासारखा मी तो धरला. थोडा वेळ छान चालला, मग टाळू थकली आणि नाकातून फस्सकन हवा निसटली. सूर तुटला. मी पुन्हा लावला. पुन्हा काही वेळानं तुटला. मी मान खाली घालून बसलो होतो. तिसऱ्यांदा मात्र सूर तुटला आणि त्याच क्षणी बापूही थांबला. दोघांनी मिळून श्वास घेतला आणि दोघंही एकदम सुरू झालो. त्यानंतर तो प्रत्येक वेळी माझ्यासाठी तिथं थांबत गेला. ऐकणाऱ्यांना वाटलं, चालच तशी आहे.

परवा शेवटच्या तपासणीला नगरला गेलो. काउंटरवर नवी मुलगी होती, नवा फॉर्म. नाव, वय, गाव विचारून झालं. "व्यवसाय शेतीच ना?" असं म्हणत तिचं पेन निघालंसुद्धा होतं.

"न्हाई," सुमन म्हणाली. "सनईवर सूर धरत्यात ते."

मुलीनं मान वर केली. "म्हणजे काय करतात?"

आता तो पहिल्यासारखा धरता येत नाही, मधे तुटतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सुमन माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या मुलीला सांगत होती, "श्वास तुटू द्यायचा न्हाई बग. येवढंच काम."